रातपाळीची ओळ

फिलू गेली हे मला शहाळंवाल्यापाशी कळलं.

सकाळी तिनंच शहाळं मागितलं होतं. डॉक्टर म्हणाले, द्या. मी त्याचा अर्थ असा काढला की आता उतार पडतोय. हॉस्पिटलच्या फाटकाबाहेर शहाळंवाला कोयत्याचे घाव घालत होता, तेवढ्यात लीनाचा, माझ्या मुलीचा, फोन आला.

"बाबा, वर या."

"कापायला घेतलंय गं. आलोच."

"राहू द्या ते," ती म्हणाली.

एवढ्यावरून कळलं. शहाळंवाल्यालाही कळलं असावं. मी खिशात हात घातला तर तो म्हणाला, "जा दादा, जा तुम्ही." अर्धवट कापलेलं शहाळं त्याच्या हातातच राहिलं.

आमचं सगळं वसईकडचं. मी दत्ताराम घरत, पाणीपुरवठ्यात पंप चालवायचो. फिलू म्हणजे फिलोमिना डिमेलो. लग्न झालं तेव्हा दोन्हीकडची तोंडं वाकडी झाली होती. लीना झाल्यावर ती हळूहळू सरळ झाली. फिलू रविवारी चर्चला जायची, मी गणपती आणायचो, आणि लीना दोन्हीकडचा प्रसाद खायची. यात काही अवघड आहे असं आम्हाला कधी वाटलं नाही. फिलू मला एकाच गोष्टीवरून बोलायची. "तू पंपावर कशाला गेलास रे? पोलिसात जायचंस. सगळ्यांना नुसतं विचारतच असतोस." मला खरंच विचारायची खोड आहे. एखादी गोष्ट अशी का, हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही.

ती गेल्यावर जो उन्हाळा आला त्यातच लीनाची ऑर्डर आली. सरकारी दवाखान्यात लॅब टेक्निशियन, आणि गाव कुठलं तर मराठवाड्यातलं सिद्धकवठा. देवस्थानाचं गाव. मी रिटायर झालेलो होतो. वसईच्या घरात एकटा बसून मी करणार काय? कुलूप लावलं आणि लीनाबरोबर निघालो. लॉजवर उतरलो. लीनाला सोमवारी हजर व्हायचं होतं, आणि लॉजवाल्यानं आधीच सांगितलं होतं की रविवारपर्यंतच. पुढे यात्रेची गर्दी, खोल्या दिलेल्या आहेत. तोवर घर मिळायला हवं होतं.

घर दाखवायला उत्तरेश्वर नावाचा एजंट मिळाला. तिशीतला, बडबड्या, मोटारसायकलवर पुढे तो आणि मागे रिक्षात आम्ही.

पहिलं घर देवळामागच्या एका वकीलसाहेबांचं. वरचा मजला, हवेशीर. वकीलसाहेब स्वतः चावी घेऊन वर आले. नळ सोडून दाखवला, खिडक्या उघडून दाखवल्या. मग विचारलं, "आडनाव काय म्हणालात?"

"घरत."

"वा. आणि वहिनी?"

"वारल्या. चार महिने झाले."

"अरेरे. कुठल्या त्या?"

"वसईच्याच. माहेरच्या डिमेलो."

वकीलसाहेबांनी खिडकी लावून घेतली. मग दुसरी लावली. "वरची टाकी जरा गळते," म्हणाले. "दुरुस्तीला काढायचीय. दोन-तीन महिने तरी जातील."

मी टाकीकडे बघितलं. आयुष्य पाण्याच्या टाक्यांत गेलेलं माझं. खाली जमीन कोरडी ठणठणीत. मी विचारलं, "कुठून गळते?"

"बाबा, चला," लीना म्हणाली.

पुढचं घर एका निवृत्त गुरुजींचं. ते फार गोड बोलले. "आम्हाला काही नाही हो. आम्ही मानतच नाही असलं. पण शेजारी." मी विचारलं, शेजारी कोण? तर शेजारी त्यांचेच धाकटे भाऊ. त्यानंतर मोमीनपुऱ्यातलं एक घर बघितलं. तिथला मालक दुकानाच्या गादीवरून उठलाच नाही. म्हणाला, "भाऊ, तुम्ही माणूस चांगले दिसता. पण आमच्या मोहल्ल्यात बाहेरच्याला खोली दिली की उद्या मलाच चार जण विचारतात. तुम्ही तरी कशाला त्रासात पडता?" त्यानं चहा मात्र पाजला. चहा चांगला होता.

मला राग येत नव्हता, खरं सांगतो. मला नवल वाटत होतं. ही माणसं विचारायची, पण एका ठरावीक जागी येऊन थांबायची. फिलूचं माहेरचं आडनाव कळलं की पुढे कोणालाच काही विचारायचं नसायचं. ती कशानं गेली, हे एकानंही विचारलं नाही.

उत्तरेश्वर रसवंतीवर आम्हाला बसवून म्हणाला, "काका, एक बोलू का? राग नका मानू."

"बोल."

"नाव फिरवा ना जरा. तुमचं आडनाव चांगलं खणखणीत हाय. काकू म्हणजे फुलाबाई म्हणा. गेलेल्या माणसाला काय फरक पडतोय?"

मी लीनाकडे बघितलं. वाटलं, आता ही त्याला फाडून खाते. ती उसाच्या रसाचा ग्लास फिरवत बसली होती. म्हणाली, "बाबा, म्हणून टाका."

"काय म्हणून टाका?"

"तो म्हणतोय ते. मला सोमवारी हजर व्हायचंय. आई गेली. आता तिचं नाव नुसतं अडचणीचं झालंय."

"तुझ्या कागदांवर तेच नाव आहे ना?"

"कागद ऑफिसात असतात. शेजारी कागद वाचत नाहीत."

उत्तरेश्वर दुसरीकडे बघायला लागला. मी म्हटलं, "उद्याचा दिवस आहे अजून." लीनानं ग्लास खाली ठेवला. तिचं चुकत होतं असंही मला म्हणता येईना. दिवसभर हिंडून तिची टाच चपलेनं सोलली होती.

शनिवारी दुपारपर्यंत आणखी दोन नकार झाले. दिवस मावळायला आल्यावर उत्तरेश्वर म्हणाला, "आता एकच जागा राहिली. मी तिकडं कोणाला नेत नाही. दलाली पण देत नाहीत, वर मलाच लग्नाचं विचारतात."

गावाबाहेर बंद पडलेली, कापसातली सरकी काढणारी जिनिंग मिल होती. मिलच्या मागे कामगारांच्या खोल्या. समोरासमोर दोन लांब ओळी, मध्ये फरसबंद वाट, मधोमध नळ. पत्र्याची छपरं, पण दारं रंगवलेली. एका दाराला तोरण, शेजारच्या दारावर हिरवा रंग आणि वर चंद्र, त्याच्या शेजारी निळा झेंडा, पुढे एका उंबऱ्यावर तेलुगू बायका काढतात तशी मोठी रांगोळी. मी थांबलोच.

"उत्तरेश्वर, हे असं कसं?"

"कसं म्हंजे?"

"म्हणजे हे सगळे असे मिसळून कसे? गावात तर गल्लीगल्ली वेगळी आहे."

"मला काय माहीत! हाय तसं हाय."

"झोपेवरून," नळावरून एक बाई म्हणाली. सत्तरीची असेल. काटक, नऊवारी, डोक्यावर पदर, हातात घासलेला हंडा. याच काशीबाई. भाड्याची रिकामी खोली यांचीच होती. "मिलच्या मॅनेजरनं झोपेवरून खोल्या वाटल्या. ही दिवसपाळीची ओळ, ती समोरची रातपाळीची. रातपाळीवाला दिवसा झोपायचा, त्याच्या शेजारी लेकरं बोंबलून कसं चालंल? म्हून त्याच्या शेजारी रातपाळीवालाच. मग तो कोण का असंना. जात बघत बसला असता तर मिल चालली असती का?"

"आणि मिल बंद पडल्यावर?"

"मिल पडली, खोल्या आमच्या नावावर झाल्या. आता कोणी कुठं जायचं?" त्यांनी हंडा खाली ठेवला. "तुमी लई विचारता की ओ."

"खोड आहे."

"मलाबी हाय. बसा."

आणि काशीबाईंनी सुरुवात केली. मी कोण, कुठला, पगार किती होता, पेन्शन किती, पंप कोणत्या कंपनीचा, लीनाचं लग्न का नाही, करायचं आहे की नाही. लीनाच्या कपाळावर आठ्या. समोरच्या ओळीतून एक मुसलमान बाई डोक्यावरची ओढणी सावरत येऊन उंबऱ्यावर टेकली. ही हलिमाबी. तिच्या शेजारी राजय्या नावाचा म्हातारा, जुना मिलचा फिटर, बिडी विझवून कानावर ठेवून बसला. उत्तरेश्वर मोटारसायकलवरच बसून राहिला.

"आन् मालकीण?" काशीबाईंनी विचारलं.

मी लीनाकडे बघितलं नाही. "वारली. फिलोमिना तिचं नाव. माहेरची डिमेलो. ख्रिस्ती."

आता टाकी गळणार, असं मला वाटलं. पण काशीबाई थांबल्या नाहीत.

"कशानं गेली?"

"किडन्या. आधी पाय सुजले, मग..."

"डायलिसिस?" हलिमाबीनं विचारलं. "हमारे इनका बी वहीच. हफ्त्याला दोनदा लातूरला जायचो."

"शेवटी बोलत होती का?" काशीबाईंनी विचारलं.

"शहाळं मागितलं."

"दिलं?"

"नाही. आणेपर्यंत गेली."

राजय्यानं मान हलवली. काशीबाई पुढे सरकल्या. "मग मातीवरून आल्यावर घास कोणी आणला?"

मला प्रश्न कळला नाही असं नाही. आमच्याकडेही असतो. घरातलं माणूस गेलं की त्या दिवशी घरात चूल पेटवायची नाही. शेजारीपाजारी, सोयरे पिठलं-भाकरी करून आणतात, कडुनिंबाचं पान आणतात. दुखातला तो पहिला घास, कडू घास. दुसऱ्यांनी आणायचा, घरच्यांनी खायचा. पण त्या दिवसाबद्दल मला कोणी विचारलंच नव्हतं, आणि मीही कधी विचार केला नव्हता.

"कोणी नाही," मी म्हटलं.

"कोणी नाही? भाऊबंद नाहीत का?"

"आहेत. माझे दोन भाऊ दफनाला आले होते. फिलूचे भाऊही. सगळे होते." मग मला आठवत गेलं तसं मी सांगत गेलो. "माझ्या भावांना वाटलं, ती ख्रिस्ती, तिच्या माणसांत काय पद्धत असते ती ते करतील. तिच्या भावांना वाटलं, घर हिंदूचं, यांचं यांचं काहीतरी असेल, आपण मध्ये कशाला पडा. दोघंही एकमेकांचा मान राखून निघून गेले."

"मग जेवलात काय?"

"संध्याकाळी मी भात टाकला."

"तुमी?"

"मीच. लीना झोपली होती."

नळावर एक थेंब थांबून थांबून पडत होता. हलिमाबी पुटपुटली, "या अल्ला, खुद के मय्यत का खाना खुदच पकाए."

काशीबाई उठल्या. हंडा कडेवर घेतला. मला वाटलं, आता खोली दाखवतील. त्या म्हणाल्या, "खोली आज नाही देता यायची."

लीना ताडकन उभी राहिली. "का? तुमची पण टाकी गळते का?"

"कसली टाकी, बाई?"

"काही नाही. चला बाबा."

"उद्या सकाळी या," काशीबाई म्हणाल्या. "रातपाळी सुटायच्या टायमाला. आन् उपाशी या. चहाबी घेऊ नका." एवढं बोलून त्या आत गेल्या. हलिमाबी आणि राजय्याही आपापल्या दारात गेले.

वाटेत उत्तरेश्वर म्हणाला, "काका, ही पण 'नाही'च समजा. हितली माणसं तोंडावर नाही म्हणत नाहीत, उद्या म्हणतात."

"मग उपाशी कशाला बोलावलं?"

"आता ते मला काय माहीत."

लीना म्हणाली, "उद्या दुसरं घर शोधू, तिथे मी बोलते. तुम्ही गप्प बसायचं. फुलाबाई तर फुलाबाई." मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. पण ते उपाशी येण्याचं माझ्या डोक्यातून जाईना. नाही म्हणणाऱ्या माणसानं माझ्या पोटाची चौकशी का करावी?

सकाळी लीना यायला तयार नव्हती. मी म्हटलं, "नुसतं विचारून येऊ. नाही म्हणाल्या तर तू म्हणशील ते नाव." या बोलीवर ती आली. लॉजखाली चहावाला उकळता चहा गाळत होता. त्याच्यासमोरून आम्ही तसेच निघालो.

तिथे पोचलो तेव्हा साखर कारखान्याची आणि एमआयडीसीची रातपाळी करून माणसं परतत होती. मिल गेली तरी ती ओळ अजून रात्रीच कामाला जाणाऱ्यांची होती. सायकली भिंतीला लागल्या होत्या. पण कोणी झोपायला गेलं नव्हतं. दोन्ही ओळींची दारं उघडी, आणि नळाजवळ बायकांचं जोरात भांडण चाललं होतं.

"पिठल्यात कांदा घातलास?" काशीबाई एका सुनेला विचारत होत्या. "दुखाच्या पिठल्यात कांदा घालतात का गं?"

"त्यांच्यात चालत असंल की! त्यांच्यात कोंबडं चालतं."

"हमने तो खिचडा लाया," हलिमाबी म्हणाली. "सादा. गोश्त नई डाला."

"आमच्या तेलुगू लोकांत अन्नाचा मुद्दा करतो," राजय्या हातानं भाताचा गोळा करून दाखवत होता, "काहीच घालत नाही. नुसता भात."

"राजय्या, तुझ्यात काय करतात ते तू मेल्यावर बघू. गप."

लोक हसले. मग त्यांनी आम्हाला पाहिलं आणि वाट करून दिली.

काशीबाईंनी आम्हाला खोलीच्या उंबऱ्यावर बसवलं. खोली उघडी होती, आतून सारवल्यासारखी स्वच्छ पुसलेली. कोपऱ्यात गॅसची शेगडी, तिच्यावर उलटं ताट झाकलेलं.

"हे बगा भाऊ," त्या म्हणाल्या. "मिल होती तवाची रीत हाय. मयत झालं की घास दोन्ही ओळीतनं यायचा. एका ओळीचा घास म्हंजी अर्धा घास. काल तुमी आलात तवा रातपाळीची माणसं कामावर गेली होती. अर्धा घास घालून तुमाला घरात कसं घेऊ? आन् घास न खाता तुमी शेगडी पेटवली असती, तर ते दुख चिकटून बसलं असतं ना या खोलीला."

मी शेगडीवरच्या उलट्या ताटाकडे बघितलं.

"चार महिने झाले," लीना हळूच म्हणाली.

"मग? शिळा होतोय का घास?" काशीबाई वळल्या आणि दोन्ही ओळींकडे बघून मोठ्यानं म्हणाल्या, "कोणाच्या नावानं घ्यायचा? नाव सांगा भाऊ. रातपाळीच्या कडंपस्तोर ऐकू गेलं पाहिजे."

मी उभा राहिलो. "फिलोमिना दत्ताराम घरत," मी म्हटलं.

"माहेर?"

"डिमेलो."

"फिलोमिनाबाईच्या नावानं," काशीबाई म्हणाल्या आणि कडुनिंबाचं पान माझ्या हातावर ठेवलं. मग एकेक जण आलं. जागरणानं डोळे लाल झालेला एक तरुण आला, अंगाला मळीचा वास. त्यानं भाकरीचा तुकडा दिला आणि म्हणाला, "फिलोमिनाबाईच्या नावानं." हलिमाबीही तेच म्हणाली. राजय्यानं मीठ नसलेल्या भाताचा गोळा आणलाच होता, तो देत तोही म्हणाला. काहींना नाव नीट जमत नव्हतं, ते परत म्हणत होते. ज्या नावाला पुऱ्या गावात खोली मिळत नव्हती ते मी त्या वाटेवर किती जणांच्या तोंडून ऐकलं, मला सांगता येणार नाही. मी पान चावलं, पिठलं-भाकरी खाल्ली, खिचडा खाल्ला, भात खाल्ला. फिलू गेल्यापासून मी रडलो नव्हतो. तिथे खाता खाता रडलो, आणि कोणी मला गप्प केलं नाही. एक बाई पाणी देऊन गेली.

मग काशीबाई लीनाकडे वळल्या. "घे बाई."

लीनानं पान घेतलं. हातात धरून बसली. बराच वेळ झाला तरी ते तोंडापाशी जाईना.

"कडू हाय, ठावं हाय," काशीबाई म्हणाल्या. "पटकन चाव."

"मला नको," लीना म्हणाली. "मी नाही खाऊ शकत. मी परवा बाबांना म्हटलं, तिचं नाव बदला. आजही म्हणणार होते." तिनं पान परत पुढे केलं. "माझा हक्क नाही."

मला वाटलं, आता म्हातारी समजूत घालेल, डोक्यावरून हात फिरवेल. तसलं काही त्यांनी केलं नाही. पान घेतलं आणि पदराला पुसलं.

"नको म्हणू नकोस," त्या म्हणाल्या. "नको म्हणलं की संपलं. राहिलाय म्हण. वाटंल तवा येऊन माग. ही ओळ कुठं जात नाही."

लीनानं मान हलवली. काशीबाईंनी शेगडीवरचं ताट उचललं, आणि राजय्यानं खिशातून काडेपेटी काढून मला दिली.

सोमवारी लीना दवाखान्यात हजर झाली. उत्तरेश्वर दोन दिवसांनी दलाली मागायला आला तेव्हा हलिमाबीनं त्याला बसवून घेऊन मुली सुचवल्या. तो परत आला नाही.

याला आता बरीच वर्षं झाली. लीनाची बदली झाली, लग्न झालं, ती नाशिकला असते. मी इथेच राहिलो. काशीबाई गेल्या तेव्हा त्यांच्या मुलाला दिवसपाळीच्या ओळीतर्फे पहिली भाकरी मी दिली. पिठलं मला आता कांद्याशिवाय बरं जमतं. लीना दिवाळीला येते, मुलांना घेऊन येते, सगळ्यांच्या दारात जाऊन बसते, हलिमाबीकडे जेवते. ती आली की हलिमाबी एकदा तरी तिच्याकडे बघते. विचारत नाही. मीही विचारत नाही, माझी खोड असूनसुद्धा.

आईच्या नावाचा घास लीनानं अजून मागितलेला नाही. तो राहिलाय.